परवाना आणि तळघर

बाबा गेल्यानंतर त्यांचे कपाट आवरताना विम्याच्या जुन्या पावत्यांखाली एक जीर्ण कार्ड सापडले. त्यावर त्यांचा तिशीतला फोटो होता, मिरजेच्या आमच्या जुन्या वाड्याचा पत्ता होता, आणि सदर इसमास प्रकृती राखण्यासाठी व टिकवण्यासाठी मद्य बाळगण्याची आणि पिण्याची परवानगी आहे, अशा अर्थाचा सरकारी मजकूर होता. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली मिळणारा तो परवाना होता. धाकटी बहीण आणि मी ते कार्ड बराच वेळ एकमेकींच्या हातात देत राहिलो. बाबा घेतात हे आम्हा दोघींना लहानपणापासून ठाऊक होते, पण घरात त्याविषयी एक शब्दही कधी उच्चारला गेला नव्हता, आणि ती गोष्ट पहिल्यांदाच शिक्क्यानिशी, सहीनिशी आमच्यासमोर आली होती.

शनिवारी रात्री जेवणाआधी बाबा मधल्या खोलीत जात आणि दार लोटून घेत. दिवा लावत नसत. चौकातल्या दिव्याचा जेवढा उजेड खिडकीच्या गजांमधून आत येई, तेवढाच त्यांना पुरत असे. अर्ध्या-पाऊण तासाने ते बाहेर येत, मोरीवर जाऊन चूळ भरत आणि पानावर बसत. त्या वेळात आई स्वयंपाकघराबाहेर येत नसे. आमच्या घरात दारूपायी कधी आवाज चढला नाही, पैशाची ओढाताण झाली नाही. शाळेत गणित शिकवणारा तो माणूस आठवड्यातून एकदा, मोजून, एका स्टीलच्या पेल्यातून व्हिस्की घेत असे, एवढेच. मला त्या अंधाराची भीती कधी वाटली नाही. पण त्या अंधारात बाबा एकटे बसले आहेत याचे काहीतरी वाटत असे, आणि जे वाटे ते नेमके काय होते हे समजायला मला पन्नाशी ओलांडून ब्रुझमधल्या एका तळघरात जाऊन बसावे लागले.

बहिणीचा मुलगा बेल्जियममध्ये, ल्यूव्हेनच्या विद्यापीठात शिकतो. मागच्या नोव्हेंबरात मी त्याच्याकडे महिनाभर राहिले होते. एका शनिवारी तो म्हणाला, "मावशी, तुला ब्रुझ दाखवतो. आणि संध्याकाळी एका ठिकाणी बसू. नाही म्हणू नकोस." बसू या शब्दाचा अर्थ आपल्याकडे काय होतो हे मला माहीत होते, आणि तो मला माहीत आहे हे त्याला माहीत होते. घरातल्या मोठ्या माणसासमोर ग्लास हाती धरायचा नाही, ही मर्यादा तो मोडू पाहत होता असे मला वाटले नाही. दुसऱ्या देशात राहून त्याला जे आवडू लागले होते, ते त्याला आपल्या माणसाला दाखवायचे होते. मी हो म्हटले.

ब्रुझ हे शहर दिवसा पाहावे आणि अंधार पडल्यावर पुन्हा पाहावे. दिवसा मार्क्ट चौकातला 83 मीटर उंचीचा घंटामनोरा, त्याच्या 366 पायऱ्या, कालव्यांमधल्या होड्या आणि चॉकलेटच्या दुकानांपुढची गर्दी यांत सगळा वेळ जातो. पाच वाजता अंधारून आले, पर्यटकांच्या बसगाड्या निघून गेल्या, आणि ओल्या फरसबंदीवर दिव्यांचे पिवळे पट्टे पसरले, तेव्हा मला त्या गावाचे खरे वय जाणवू लागले. तेराव्या ते पंधराव्या शतकात हे उत्तर युरोपातले एक मोठे व्यापारी केंद्र होते. इंग्लंडची लोकर, फ्रान्सची वाइन, इटलीच्या सावकारांचा पैसा, सगळे इथे येऊन मिळत असे. फ्लामिंगस्ट्राट नावाच्या रस्त्यावर फान डर बर्स या कुटुंबाची सराई होती आणि तिच्या दाराशी व्यापारी जमत; शेअर बाजाराला युरोपातल्या अनेक भाषांमध्ये बूर्स, बोर्स असे जे नाव आहे, ते या घराण्यावरून आले असे मानले जाते. पुढे झ्विन ही खाडी गाळाने भरत गेली, जहाजे अँटवर्पकडे वळली आणि गाव मागे पडले. मागे पडले म्हणूनच पाडले गेले नाही. व्यापाऱ्यांची घरे राहिली, आणि घरांखाली माल साठवण्यासाठी बांधलेली विटांच्या कमानींची तळघरेही राहिली.

या गावाच्या श्रीमंतीत बिअरचाही वाटा होता. ग्रुटहुझे नावाचा एक देखणा वाडा आज संग्रहालय म्हणून उभा आहे. बिअरमध्ये हॉप्स, म्हणजे तिला कडवटपणा देणारी एका वेलीची फुले, घालण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी तिला चव आणण्यासाठी रानवनस्पतींचे एक मिश्रण वापरत, त्याला ग्रुट म्हणत. ते विकण्याचा आणि त्यावर कर घेण्याचा हक्क या घराण्याकडे होता, आणि वाड्याचे व घराण्याचे नावही त्यावरूनच पडले. मसाल्याच्या मक्त्यावर उभा राहिलेला तो वाडा दुपारी पाहताना मी भाच्याला म्हटले, की बिअर पिणाऱ्याने आपल्या घोटासाठी सरकारला काहीतरी मोजायचे, ही रीत फार जुनी दिसते. परवान्याचे कार्ड तेव्हा माझ्या पर्समध्ये होते. ते मी का बरोबर नेले होते हे मला सांगता येणार नाही. घरातून निघताना ठेवले होते, एवढे खरे.

आम्ही गेलो ते तळघर काउपर्सस्ट्राट या गल्लीत आहे. काउपर म्हणजे लाकडी पिंपे बनवणारा कारागीर. इंग्रजीतला कूपर तोच, आणि आपल्याकडच्या पारशी आडनावातला कूपरही. बिअर काय, व्हिस्की काय, दोन्हींचा इतिहास पिंपाच्या फळ्यांमधून वाहत आलेला असल्यामुळे अशा ठिकाणाला याहून योग्य पत्ता मिळाला नसता. तळघराचे नाव ल त्रापिस्त, आणि वास्तू तेराव्या शतकातली असल्याचे सांगतात. रस्त्यावरून पाहिले तर विशेष काही दिसत नाही. दार ढकलून खाली उतरू लागलो की दोन-चार पायऱ्यांतच वरचा आवाज मागे राहतो. मनोऱ्यातल्या 47 घंटा दर पाव तासाला वाजतात आणि दिवसभर त्या माझ्या कानात होत्या, पण खाली गेल्यावर त्या ऐकू आल्याचे मला आठवत नाही.

खाली विटांच्या कमानी होत्या, त्या पेलणारे दगडी खांब होते आणि टेबलांवर मेणबत्त्या होत्या. कमानीची वीट शेकडो वर्षांच्या हातस्पर्शाने आणि धुराने काळवंडलेली होती, तरी ज्योत हलली की तिच्यावर मधाच्या रंगाची झाक येऊन जाई. हवेत ओल्या दगडाचा, मेणाचा आणि भाजलेल्या धान्याचा वास होता. तो धान्याचा वास मला एकदम ओळखीचा वाटला. आमच्या वाड्यात जोंधळ्याचे पेव होते, आणि ते उन्हाळ्यात उघडले की असाच कोंदट, गोडसर, उबदार वास येत असे. पेव आता कोणाच्या घरी नसते. धान्य जमिनीच्या पोटात ठेवायचे ही युक्ती मात्र या लोकांनी आणि आपण वेगवेगळ्या वाटांनी, एकाच कारणासाठी शोधली होती. वर ऋतू बदलतात, खाली बदलत नाहीत. बर्फाची यंत्रे येण्यापूर्वी बिअर टिकवायची तर तळघराशिवाय दुसरा उपाय नव्हता, आणि आजही बेल्जियमच्या बाटलीतल्या कितीतरी बिअर 10 ते 14 अंशांना, म्हणजे तळघराच्याच तापमानाला प्यायल्या तर त्यांची चव उलगडते. बर्फासारखी गार बिअर जिभेला बधिर करते आणि मग चवीचा प्रश्नच उरत नाही.

आम्ही खांबाजवळच्या टेबलाशी बसलो. माझ्या शेजारच्या टेबलावर सत्तरीतल्या दोन बायका बसल्या होत्या, त्यांच्यापुढे एकेक ग्लास होता आणि दोघी विणकामाबद्दल बोलत असाव्यात, कारण एकीने पिशवीतून लोकरीचा मोजा काढून दुसरीला दाखवला. मी त्यांच्याकडे फार वेळ पाहत राहिले. मिरजेच्या स्टेशन रस्त्यावर परमिट रूमची पाटी होती, खाली जाड पडदा होता आणि शाळेत जाताना आम्ही मुली रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जात असू. पडद्याआड काय आहे हे मला आजतागायत माहीत नाही. काळोख तिथेही असणार. पण तो काळोख आतल्या माणसाला बाहेरच्यांपासून लपवण्यासाठी होता, आणि हा काळोख समोरच्या माणसाचा चेहरा, हातातला ग्लास आणि टेबलावरची ज्योत एवढेच दिसावे म्हणून राखलेला होता. बाबांच्या खोलीतला अंधार कोणत्या जातीचा होता हे मला त्या दोन बायकांकडे पाहताना कळले.

भाच्याने माझ्यासाठी ऑर्व्हाल नावाची बिअर मागवली. तिची बाटली कॅरमच्या नव्हे तर स्किटल्स या चेंडूने सोंगट्या पाडायच्या खेळातल्या सोंगटीसारखी, खाली फुगीर आणि वर निमुळती असते, आणि तिच्यावर तोंडात अंगठी धरलेला मासा असतो. तस्कनीच्या माटिल्डा नावाच्या उमरावीण विधवेची लग्नाची अंगठी झऱ्यात पडली, तिने प्रार्थना केली आणि एका ट्राउट माशाने ती वर आणून दिली, म्हणून तिने त्या जागेला ऑर्व्हाल, म्हणजे सोन्याची दरी, असे नाव दिले, अशी कथा आहे. तिथला मठ फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात उद्ध्वस्त झाला. 1926 पासून तो पुन्हा बांधायला घेतला गेला, आणि बांधकामाला पैसा उभा राहावा म्हणून 1931 मध्ये मठाच्या आवारात ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, सुरू झाली. दुसऱ्या कोणत्याही पेयाबद्दल मला एवढी आपुलकी वाटलेली नाही. पडलेल्या भिंती उभ्या करण्यासाठी काढलेली बिअर, आणि तीही घाईने विकण्यासारखी नव्हे; बाटलीत भरताना तिच्यात एक रानटी जातीचे यीस्ट घालतात आणि ते बाटली बंद झाल्यावरही महिनोन्‌महिने काम करत राहते. त्यामुळे ताजी ऑर्व्हाल फुलांसारखी, कडवट आणि टवटवीत लागते, तर वर्षभर तळघरात ठेवलेली कोरडी, थोडी ओल्या चामड्यासारखी, मुरलेली लागते. लोणच्याचे जे आपल्याला ठाऊक असते तेच हे आहे. बरणी बंद केल्यावर आपले काम संपते आणि तिचे सुरू होते.

बिअर ओतण्याची तिथली पद्धत मी पूजेच्या तयारीकडे पाहावे तशी पाहिली. प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा, आणि तो आधी पाण्याने खंगाळून घेतला जातो, कारण कोरड्या काचेवर फेस नीट बसत नाही. ग्लास तिरका धरून बिअर कडेने सोडायची, मग सरळ करून फेसाला उंची द्यायची, आणि बाटलीत तळाशी बोटभर बिअर मुद्दाम ठेवायची. त्या शेवटच्या घोटात यीस्टचा गाळ असतो. आवडत असेल तर तो वेगळा प्यावा, नाहीतर तसाच राहू द्यावा. बाटली नेहमी पिणाऱ्यापुढे ठेवली जाते, नाव त्याच्याकडे करून. मी काय पिते आहे हे माझ्यासमोर लिहिलेले होते, आणि कोणालाही वाचता येत होते. बेल्जियमच्या बिअर संस्कृतीची युनेस्कोने 2016 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली, असे भाच्याने सांगितले तेव्हा मला त्या बाटलीच्या मांडणीचीच आठवण झाली. वारसा म्हणजे इतर काय असते, ते मला माहीत नाही. पण हा होता.

मग त्याने स्वतःसाठी रोशफोर 10 मागवली आणि तिची ताकद 11.3 टक्के आहे हे कळल्यावर मी दचकले. ही जवळजवळ वाइनच्या बरोबरीची ताकद. बेल्जियममध्ये एवढ्या कडक बिअर का होतात, असे मी विचारले, आणि त्याने जे सांगितले ते ऐकताना मी हातातला ग्लास खाली ठेवला.

पहिले महायुद्ध संपल्यावर बेल्जियमचे न्यायमंत्री होते एमिल वांदरवेल्द, मजूर पक्षाचे नेते. गिरण्या आणि खाणींतले कामगार आठवड्याचा पगार जेनेव्हरमध्ये, म्हणजे तिथल्या जुनिपर घातलेल्या धान्याच्या दारूत, घालवतात आणि घरी बायकामुले उपाशी राहतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. 29 ऑगस्ट 1919 रोजी त्यांच्या पुढाकाराने कायदा झाला, की कॅफे किंवा कोणत्याही सार्वजनिक जागी ऊर्ध्वपातित दारू विकायची नाही, आणि दुकानातून घ्यायची तर एका वेळी किमान दोन लिटर घ्यावी लागेल. दोन लिटरचे पैसे कामगाराच्या खिशात एकदम असणार नाहीत, हा त्यामागचा हिशोब होता. बिअरवर मात्र बंदी नव्हती. ज्यांना कडक काही हवे होते ते बिअरकडे वळले, आणि ब्रुअरी त्यांच्यासाठी अधिक कडक बिअर काढू लागल्या. मठांची जुनी कडक बिअर होतीच, पण तिला बाजार मिळाला तो या काळात. याच दशकांत स्कॉटलंडहून आणलेल्या यीस्टवर मोर्तगात कुटुंबाने एक बिअर बनवली. युद्धाच्या विजयाची आठवण म्हणून तिचे नाव आधी व्हिक्टरी एल होते, पण 1923 च्या सुमारास एका चांभाराने ती चाखून ही तर खरी सैतान आहे म्हटले, आणि तेव्हापासून ती डूव्हेल झाली. वेस्टमालच्या मठाने 1934 मध्ये आपली सोनेरी कडक बिअर बाजारात आणली, तीच पुढे ट्रिपल या प्रकाराचा नमुना ठरली. हा कायदा 1983 च्या अखेरीस रद्द झाला. म्हणजे चौसष्ट वर्षे, या कमानींखाली काय किंवा देशातल्या कोणत्याही कॅफेत काय, व्हिस्कीचा एक घोट उघडपणे विकणे गुन्हा होता.

"मग आपल्यासारखेच," मी म्हटले.

आमच्याकडे 1950 मध्ये दारूबंदी आली आणि पुढे परवान्यांच्या वाटेने सैल होत गेली. कायदा आजही आहे, नाव बदलून महाराष्ट्र दारूबंदी कायदा झाले आहे, आणि पिण्यासाठी बिअरला एकवीस व कडक दारूला पंचवीस वर्षे अशी दोन वयेही त्याच परंपरेत ठरलेली आहेत. वांदरवेल्द आणि आपले दारूबंदीचे पुरस्कर्ते, दोघांच्याही मनात उपाशी राहणारी बायकामुले होती, आणि त्या कळकळीबद्दल माझ्या मनात आदर आहे. ज्या बाईचा नवरा पगार गुत्त्यात ठेवून येतो, तिच्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून दारूच्या चवीचे कौतुक करता येत नाही. मी अशी घरे पाहिली आहेत. आमच्या वाड्यातच मागच्या खोल्यांत तसे एक घर होते. पण बेल्जियमच्या कायद्याने बिअरचा मार्ग मोकळा ठेवला, आणि त्या मोकळ्या वाटेवर लोकांनी आपली सगळी कारागिरी ओतली. आपल्याकडे तशी वाट राहिली नाही. जे राहिले ते एक कार्ड, आणि ते घेण्यासाठी निरोगी माणसाला आपली प्रकृती ठीक नाही असे कागदावर म्हणावे लागे. बाबांनी कधी खोटे बोललेले मी ऐकले नाही, आणि तरी त्यांच्या सहीखाली ते एक वाक्य होते.

मी पर्समधून कार्ड काढून भाच्यापुढे ठेवले. त्याने आजोबांचा हा फोटो पाहिला नव्हता. मेणबत्ती जवळ ओढून त्याने ते वाचले, पुन्हा वाचले, आणि विचारले, "आजोबा काय घ्यायचे?" मी म्हटले, व्हिस्की. कोणती, ते माहीत नाही. बाटली आम्ही कधी पाहिलीच नाही.

तो उठून बारकडे गेला आणि दोन लहान ग्लास घेऊन आला. मेखेलेन या गावातल्या हेट आंकर ब्रुअरीची व्हिस्की होती ती, गाउडन कारोलस नावाची. सम्राट पाचव्या चार्ल्सचे बालपण मेखेलेनमध्ये गेले, आणि त्याच्या नावाच्या सोन्याच्या नाण्यावरून या ब्रुअरीच्या बिअरचे नाव पडले आहे. व्हिस्कीबद्दल मला जे कधीच कोणी समजावून सांगितले नव्हते ते इथे एका वाक्यात कळले: व्हिस्की म्हणजे हॉप्स न घातलेल्या बिअरचे ऊर्ध्वपातन. सातू भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा, भरडायचा, गरम पाण्यात त्याचा गोडवा उतरवायचा आणि यीस्टच्या स्वाधीन करायचा, इथपर्यंत दोघींची वाट एकच असते. मग एक बाटलीत जाते आणि दुसरी तांब्याच्या भांड्यात. हेट आंकरने आपल्या ट्रिपल बिअरचाच गोड रस हॉप्सवाचून आंबवला आणि 2010 पासून ब्लासफेल्डच्या जुन्या शेतघरात तो ऊर्ध्वपातित करायला सुरुवात केली. युरोपच्या नियमाप्रमाणे लाकडी पिंपात किमान तीन वर्षे काढल्याशिवाय त्याला व्हिस्की म्हणता येत नाही.

लिएजजवळच्या बेल्जियन आउल या डिस्टिलरीची गोष्ट त्याने त्यानंतर सांगितली. स्कॉटलंडमधल्या रोथेस गावातली कॅपरडॉनिक ही डिस्टिलरी 2002 मध्ये बंद पडली. तिची तांब्याची भांडी बेल्जियमच्या लोकांनी विकत घेतली, आणली, आणि आता इथल्या मातीतल्या सातूची व्हिस्की त्यांतून उतरते. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजांनी बेल्जियमच्या ब्रुअऱ्यांमधली तांब्याची भांडी उखडून नेली होती आणि त्यांतल्या कितीतरी ब्रुअऱ्या पुन्हा कधी पेटल्या नाहीत. भांडे गेले की घर गेले, हे आपल्याकडच्या बाईला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून एका मेलेल्या घराची भांडी दुसऱ्या घरात पुन्हा चुलीवर चढली, ही बातमी मला फार समाधानाची वाटली.

आणखी एक गोष्ट मला तितकीच जवळची वाटली. ब्रसेल्सजवळच्या बेर्सेल गावात द्री फोंताइनेन नावाचे गझ बनवणारे घर आहे. गझ म्हणजे हवेतल्या यीस्टवर आपोआप आंबलेल्या, पिंपांत एक, दोन आणि तीन वर्षे मुरलेल्या लांबिक बिअरचे मिश्रण. 2009 मध्ये त्यांच्या कोठारातले तापमान राखणारे यंत्र बिघडले, रातोरात उष्णता वाढत गेली, बाटल्या फुटू लागल्या, आणि सुमारे 1,00,000 बाटल्या फुटल्या किंवा निकामी झाल्या. त्या घराचे आर्मांद देबेल्डर यांनी उरलेली शिजलेली बिअर गटारात ओतली नाही. ती ऊर्ध्वपातित करून घेतली, तिचे मद्य विकले, आणि घर पुन्हा उभे केले. देबेल्डर 2022 मध्ये गेले. त्यांनी ज्या रीतीने नुकसानाकडे पाहिले, त्या रीतीने नासलेल्या दुधाकडे पाहणाऱ्या आज्या मला आठवतात.

व्हिस्कीचा पहिला घोट मी घेतला आणि तो मला फार तीव्र लागला. भाच्याने पाण्याचा जग पुढे केला. थोडे पाणी घातल्यावर तिचा वास उघडला: कोरड्या गवताचा, सफरचंदाचा, लाकडाचा. पिंपात असताना व्हिस्की दरवर्षी थोडीथोडी हवेत उडून जाते. स्कॉटलंडच्या गारठ्यात वर्षाला सुमारे 2 टक्के, आणि आपल्या गोव्यात, जिथे आता उत्तम सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली निव्वळ मोड आणलेल्या सातूची व्हिस्की, बनते, तिथल्या उकाड्यात त्याच्या चौपट किंवा त्याहूनही अधिक. म्हणून गोव्यातली व्हिस्की पाच-सहा वर्षांत जेवढी मुरते, तेवढी गारठ्यातली मुरायला दुप्पट वेळ लागतो, आणि पिंपात मात्र उरते थोडी. मिरजेच्या त्या मधल्या खोलीत जे काही उडून गेले असेल, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

"आजोबा कसे घ्यायचे?" भाच्याने विचारले.

स्टीलच्या पेल्यातून, मी म्हटले. आणि मग मला जे माहीत नाही असे मी इतकी वर्षे समजत होते, ते सगळे माहीत असल्याचे माझ्या लक्षात आले. आधी तांब्यातून पाणी पेल्यात ओतल्याचा आवाज येई. मग थोडी शांतता. मग बाटलीच्या बुचाचा, अगदी हलका. म्हणजे ते पाणी आधी घेत आणि व्हिस्की त्यावर सोडत, कारण उलट केले तर पेल्यात आवाज होतो. दोन घोटांच्या मध्ये ते भिंतीवरचे घड्याळ ऐकत असावेत, कारण ते बाहेर येत तेव्हा बरोबर पावणेनऊ झालेले असत. हे सगळे मी दाराच्या अलीकडे, पाढे म्हणत बसल्या बसल्या ऐकलेले होते. ते मी भाच्याला सांगितले. तो मध्येच काही बोलला नाही. शेजारच्या टेबलावरच्या दोघी उठल्या, एकीने मोजा पिशवीत ठेवला, आमच्याकडे पाहून मान लववली आणि पायऱ्या चढून गेल्या.

भाच्याने आपला रिकामा ग्लास पुढे ओढला, त्यात आधी जगमधले पाणी घेतले, मग त्याच्यावर माझ्या ग्लासातली थोडी व्हिस्की अलगद सोडली. आवाज झाला नाही. त्याने ते कार्ड उचलले, बाटलीचे नाव जसे पिणाऱ्याकडे करतात तसे वळवून माझ्यापुढे ठेवले, आणि मेणबत्ती आम्हा दोघांच्या मधोमध सरकवली.

आम्ही ल्यूव्हेनची शेवटची गाडी गाठण्यासाठी वर आलो तेव्हा बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि मनोऱ्यात घंटा वाजत होत्या. पावणेनऊ झाले होते.